आपल्यासारखाच, पण जरा जास्त ‘दिसणारा’ माणूस आपल्याला का खटकतो?

खिडकीजवळचा

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी गे आहे. वय चाळिशीकडे झुकलेलं. घरी माहीत आहे, ऑफिसात दोघा-तिघांना माहीत आहे, बाकीच्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला बघून कोणाला ‘तसं’ वाटत नाही. खरं सांगायचं तर याचा मला आजवर छुपा अभिमान होता.

तीन महिन्यांपूर्वी आमच्या विभागात एक नवा सहकारी आला. आवाज मऊ, बोलताना हात हवेत, नखांना फिकट रंग. कामात चोख. पहिला आठवडा थोडी कुजबुज झाली, मग सगळे आपापल्या कामाला लागले. ज्यांना मी मनातल्या मनात बुरसटलेले म्हणायचो, ते त्याच्याशी मजेत गप्पा मारतात. अडलंय ते माझं. तो आला की मी टेबल बदलतो. मीटिंगमध्ये शेजारी बसला तर माझी पाठ ताठ होते. परवा तर कहर झाला. त्याच्या चालण्याची नक्कल करून मी चौघांना हसवलं. म्हणजे तिघांना. चौथा हसला नाही. तो स्ट्रेट आहे. (बहुधा.)

शाळेत मला काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, ‘बायल्या’ हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. आरशासमोर चालायचा सराव केलाय मी. मनगट सैल पडू नये म्हणून वर्षानुवर्षं हात खिशात ठेवलेत. म्हणजे हे दुखणं मला ऐकून माहीत नाही, अंगावरून गेलंय.

माफी मागा वगैरे सल्ला नको, तेवढं कळतं. प्रश्न वेगळा आहे. आपण कोणाकडे ओढले जातो आणि आपण कसे चालतो-बोलतो-दिसतो, यांतलं नेमकं काय आपली दुसऱ्यांबद्दलची मतं घडवतं? आणि जो सोसून आलाय तो मवाळ का होत नाही?

टवाळ

मागच्या बाकावर जागा धरून ठेवतोय. काका आले की उठवा.

अनाहत

हे भांडण तुमच्या ऑफिसात सुरू झालेलं नाही. दीडशे वर्षं तरी चालू आहे.

कार्ल हाइनरिख उलरिक्स हा जर्मन वकील १८६७ साली म्युनिकला कायदेपंडितांच्या परिषदेत उभा राहिला आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांना शिक्षा देणारे कायदे रद्द करा, असं भर सभेत म्हणाला. आरडाओरडा करून त्याला गप्प केलं गेलं. त्याचा सिद्धांत असा, की अशा पुरुषाच्या देहात बाईचा जीव असतो. युक्तिवाद म्हणून तो कामाचा होता. जन्मजात आहे, तर शिक्षा कशाची देता? पण त्यात एक गाठ बसली ती बसलीच. पुरुष आवडतो, म्हणजे हा आतून बाई. लैंगिक कल (कोण आवडतं) आणि लिंगभाव (स्वतःला बाई मानतो की पुरुष, आणि तसं वागणं-दिसणं) एकाच दाव्याला बांधले गेले.

पुढे माग्नुस हिर्शफेल्डने १८९७ मध्ये बर्लिनला समिती स्थापून तीच मोहीम नेटाने चालवली. स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या असंख्य छटांबद्दल तो बोलायचा. त्यावर सनातनी चिडले यात नवल नाही. गंमत पुढे आहे. अडोल्फ ब्रँड आणि त्याच्या गोटातले पुरुष, म्हणजे स्वतः पुरुषांवरच प्रेम करणारे, तेही उखडले. आम्ही कसले बायकी, अस्सल मर्द तर आम्हीच, असा त्यांचा पवित्रा. १९०३ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. १९३३ साली नाझींनी हिर्शफेल्डची लैंगिकतेचा अभ्यास करणारी संस्था लुटली आणि पुस्तकं जाळली. त्याच वर्षी ब्रँडच्या घरावरही धाडी पडल्या. मर्दपणाचा दाखला तिथे कोणी तपासला नाही.

तेव्हा तुम्ही परवा जे केलंत त्याला परंपरा आहे. भूषणावह नाही, पण आहे.

खडूस काका

आलो. उठा टवाळराव.

माझं मत सरळ आहे. कोण कोणावर प्रेम करतं याच्याशी मला देणंघेणं नाही. शेजारी दोन पुरुष संसार करत असतील तर खुशाल करोत. पण हातवारे, नखं रंगवणं, लाडे लाडे बोलणं, हा दिखावा कशाला? धागाकर्त्यासारखं साधेपणाने राहिलं तर कोण कशाला बोलेल? मला तर धागाकर्त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. नक्कल सोडून.

मुक्ता८

काका, तुमच्या गेल्या दहा प्रतिसादांत ‘आमच्या सौ.’ चौदा वेळा आल्यात. मोजल्यात मी. त्याला कोणी दिखावा म्हणालं नाही. (हलके घ्या.)

‘साधेपणाने राहिलं तर’ हा प्रयोग करून झालाय. १९६५ ते १९६९, दर ४ जुलैला, अमेरिकेत फिलाडेल्फियात समलैंगिक स्त्री-पुरुष हक्कांसाठी फलक घेऊन निदर्शनं करायचे. आयोजकांनी पोशाखाचा नियमच घातला होता. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी स्कर्ट किंवा ड्रेस. आम्हीही नोकरीला ठेवण्याजोगी, सभ्य माणसं आहोत हे दिसलं पाहिजे. त्या काळात नुसतं तोंड दाखवायलाही छाती लागत होती, त्यामुळे त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. पण त्या पोशाखात जे बसत नव्हते त्यांचं काय? १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटले, त्या गर्दीत हे न बसणारे भरपूर होते. आणि चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच शहरात वर्षदिनाच्या सभेत सिल्व्हिया रिव्हेरा ही ट्रान्स कार्यकर्ती बोलायला उभी राहिली तर आपल्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली. तुरुंगात पडलेल्या आमच्या माणसांना तुम्ही विसरलात, हे ती सांगत होती.

१९७३ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढायचं ठरवलं. मोठा विजय. पण त्याच यादीच्या १९८० च्या आवृत्तीत लहान मुलांसाठी लिंगओळखीच्या ‘विकारा’चं नवं नाव आलं. मोठा झालेला, कोट-टायमधला गे माणूस बरा ठरला आणि बाहुल्यांशी खेळणारा मुलगा रोगी. तज्ज्ञांचा हेतू काय होता यावर वाद आहेत, पण घडलं ते हे असं.

टवाळ

मोजल्यात?? हसून हसून पुरेवाट.

खडूस काका

सौ. ना दाखवलं. त्या हसल्या. मी नाही.

निशिगंध

मी लेस्बियन नाही. लग्न झालंय, नवऱ्यावर प्रेम आहे (काका, ही माझी एकदाच). पण माझा आवाज घोगरा, केस कायम बारीक, चाल ढांगा टाकत. लहानपणी ‘आमचा मुलगाच आहे हा’ असं कौतुक व्हायचं. वयात आले तसं तेच कौतुक दमात बदललं. माझ्या भावाला मात्र कौतुकाचे ते दिवसही मिळाले नाहीत. तो चार वर्षांचा असताना त्याने माझी टिकली लावली, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

नोकरीत एका सहकारी बाईने मला सहज विचारलं, “तू लेस्बियन आहेस का गं?” मी अशी काही उसळले की ती घाबरली. घरी आल्यावर कळलं, की तिने शिवी दिलीच नव्हती. शिवी मी केली होती. आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण लेस्बियन आहे! तिचे केस कमरेपर्यंत, आवाज गोड. तिला लोक सांगतात, तू तशी वाटत नाहीस. ती काय सांगते त्यापेक्षा ती कशी दिसते यावर लोकांचा जास्त भरवसा.

म्हणजे धागाकर्ते, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की लोक कल बघतच नाहीत. तो दिसत नाही. दिसतं ते वागणं, आणि त्यावरून ते कल ठरवून मोकळे होतात. मार मला पडतो आणि ‘गुन्हा’ मैत्रिणीचा. अ‍ॅन हॉपकिन्सचा खटला वाचा. लग्न झालेली, मुलांची आई, कंपनीला मोठं काम मिळवून देणारी. भागीदारी हवी असेल तर जरा बाईसारखं चाल, बोल, मेकअप कर, दागिने घाल, असा सल्ला तिला मिळाला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं, की बाईने कसं असावं याच्या साच्यात ती बसत नाही म्हणून डावलणं हाही लिंगभेदच. तिच्या कलाचा तिथे प्रश्नच नव्हता.

बिनसाखरेचा

उभयलिंगी आकर्षण असलेला माणूस म्हणून माझे दोन पैसे. स्ट्रेट लोकांना वाटतं मी घाबरट गे आहे. गे लोकांना वाटतं मी संधिसाधू स्ट्रेट आहे. सोसलेली माणसं मवाळ होतात हे ज्याने पसरवलं त्याला मला एकदा भेटायचंय.

दुसरा डाव

निशिगंध, तुमच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि मी तर तुमच्या प्रयोगाची दोन्ही टोकं पाहिलीत. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी ठरवला गेलेला पुरुष. तिसाव्या वर्षापर्यंत लोक मला ‘पुरुषी बाई’ म्हणायचे. हात असे, बसणं तसं. आता दाढी आहे, आवाज फुटलाय. हात तेच, बसणं तेच. आणि लोक मला ‘नाजूक पुरुष’ म्हणतात! एकाच बोटांना एका दशकात दोन उलट प्रमाणपत्रं मिळाली.

आता न शोभणारी गोष्ट. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पुरुषांच्या टोळक्यात मला घेतलं जावं म्हणून मी बायकांवरचे आणि बायकी पुरुषांवरचे विनोद ऐकून सगळ्यात मोठ्याने हसायचो. नंतर नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना बाई ना पुरुष म्हणवणारी मंडळी भेटली, तेव्हा त्यांच्यावरही तडकलो. आम्ही डॉक्टर, सह्या, कागद, घरचे, सगळं झेलून या काठावर आलो, आणि हे म्हणतात आम्हाला कुठलाच काठ नको! मला वाटलं ते माझी थट्टा करताहेत. तसं नव्हतं. एवढे कष्ट करून मिळवलेली जागा ते सहज नाकारत होते, तेच सहन होत नव्हतं.

धागाकर्ते, तुमचं आरशातलं चालणं वाचून वाटलं, तुमच्याही बाबतीत असंच नसेल ना? तुम्ही मोल देऊन जे घेतलंत, ते न घेताच तो माणूस मजेत जगतोय.

खिडकीजवळचा

हा प्रतिसाद वाचून लॅपटॉप मिटला होता. आत्ता परत आलो.

हो. राग त्याचा नाहीच. पण ‘फुकट मिळालं’ एवढंच कारण नाही, भीतीही आहे. तो शेजारी बसला की वाटतं, आता लोक दोघांकडे आळीपाळीने बघतील आणि साम्य शोधतील.

अनाहत

त्या भीतीवर एक प्रयोग आहे. जेनिफर बॉसन, जोसेफ व्हँडेलो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापला. काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला लावली, काहींना तशीच दोरीची वेणी. मग विचारलं, आता काय करणार, कोडं सोडवणार की गुद्दे मारायची पिशवी बडवणार? केसांची वेणी घातलेले पिशवीकडे जास्त वळले. वेणी तीच, बोटांचं काम तेच, पण एकीने मर्दपणाला धक्का लागला आणि तो चटकन भरून काढावासा वाटला. संशोधकांचं म्हणणं असं, की मर्दपणा कमवावा लागतो आणि क्षणात जातो असं लोक धरून चालतात, म्हणून त्याची राखण सतत करावी लागते. स्ट्रेट पुरुषांचा सूर लेस्बियन स्त्रियांपेक्षा गे पुरुषांबद्दल जास्त कडवट असतो, हे ग्रेगरी हेरेक यांच्या सर्वेक्षणांतही दिसलं होतं. तेही याच राखणीचं अंग असावं. तुमची नक्कल म्हणजे ती पिशवी.

खडूस काका

पुतळे आणि वेण्या ठीक आहे. पण उपाय काय? प्रबोधन करून माणूस बदलत नसतो. पन्नास वर्षं बघतोय. पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर नापसंती हा माझा हक्क आहे.

मुक्ता८

पुरावा आहे, आणि त्यामागे चोर-पोलिसांची गोष्टही आहे.

२०१४ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध आला, की गे कार्यकर्ता दारात येऊन थोडा वेळ बोलला तर समलैंगिक विवाहाबद्दलचं मत बदलतं आणि बदललेलं टिकतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोघे तसाच प्रयोग पुढे न्यायला निघाले तर आकडे जुळेनात. खणलं, तर सर्वेक्षणाची आकडेवारीच बनावट. २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. काका, इथवर तुम्ही जिंकलात.

पण याच दोघांनी आपला प्रयोग मायामी परिसरात नीट पार पाडला आणि २०१६ मध्ये छापला. विषय ट्रान्स व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह. ५०१ मतदार, दारात साधारण दहा मिनिटांचं बोलणं. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनीही परिणाम टिकून होता. बोलणारा ट्रान्स असो वा नसो, फरक पडत होता. आणि बोलण्यात भाषण नव्हतं. समोरच्याला विचारायचे, तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कोणी कधी नावं ठेवलीत का? ते आठवा, सांगा. आणि मग ऐकून घ्यायचे.

खिडकीजवळचा

इथेच तर माझी गाडी अडते. ती आठवण माझ्याकडे पोत्याने आहे. मायामीतल्या माणसाला दहा मिनिटांत मऊ करणारी आठवण मला तीस वर्षांत कडक करत गेली. असं कसं?

दुसरा डाव

कारण त्यांच्यासाठी ती आठवण होती. संपलेली. दारात उभे राहून सांगण्याइतकी लांब गेलेली. तुमची अजून चालू आहे. तुम्ही आजही खिशात हात घालून उभे असणार. ज्याची अजून लपाछपी चालू आहे, त्याला शेजारी कोणी मोठ्याने हसलेलं चालत नाही. पकडले जाऊ ना!

बिनसाखरेचा

+१. वाचनखूण साठवली.

निशिगंध

मला हे पटतं, पण पूर्ण नाही. माझी मैत्रीण अजून घरी बोललेली नाही, तिचीही लपाछपी चालूच आहे, तरी माझ्या चालण्याच्या बाजूने पहिली भांडते ती. काही जण असेही असतात. का ते मला सांगता येत नाही. तिला विचारलं तर म्हणते, “लपायला मला केस आहेत, तुला काय आहे?”

नवा_सदस्य_४

सगळे मिळून धागाकर्त्याला उगाच चढवताय. ज्याने त्याने आपल्या मर्यादेत राहावं. निसर्गाने दोनच

*(प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरची सहा उत्तरं उडवली आहेत. विषयावर बोला, माणसांवर नको. – संपादक)*

टवाळ

‘निसर्गाने दोनच’ काय ते आता कधीच कळणार नाही. डोळे म्हणायचं असेल.

खडूस काका

वर कोणी विचारलेलं नाही, तरी लिहितो.

माझा धाकटा भाऊ लहानपणी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आईची सवय उचलली होती त्याने. लोक हसायचे. मी मोठा, मला लाज वाटायची. एकदा त्या हातावर पट्टीने मारलं. एकदाच नाही, सवय मोडेपर्यंत. तो गे वगैरे नव्हता. लग्न झालं, मुलं झाली, आता नातवंडं आहेत. परवा धागा वाचल्यापासून लक्षात येतंय, की साठीतला तो माणूस आजही मी खोलीत आलो की हात खिशात घालतो.

दिखाव्याबद्दलचं माझं मत तेच आहे. एवढंच सांगायचं होतं.

मुक्ता८

काका, ...

नाही, काही नाही. वाचलं.

अनाहत

गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये मांडलं होतं, की निरनिराळ्या गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी एकत्र आली की पूर्वग्रह उतरतो. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले आणि सर्वसाधारणपणे ते खरं निघालं. तुमच्या ऑफिसातल्या ‘बुरसटलेल्यां’चं झालं ते हेच असणार. त्यांनी त्याच्याबरोबर काम केलं. तुम्ही टेबल बदललंत.

खिडकीजवळचा

चार दिवस इथे आलो नाही. घडलं ते सांगतो आणि थांबतो.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये तो आणि मी, दोघेच. मी म्हणालो, मागच्या आठवड्यात मी तुमची नक्कल केली होती, ते चुकलं. (सल्ला नको म्हणालो होतो ना? असो.) तो म्हणाला, “माहितीये, लगेच कळलं होतं.” मग थोडं थांबून, “पण तुमचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. इतकं मोजून कोणी चालत नाही हो.”

खडूस काका

मग तुम्ही काय म्हणालात?

खिडकीजवळचा

काही नाही. त्याचा मजला आला.